स्थळाची चौकशी

अनुसयाबाईंनी नवऱ्याचा सदरा भिजवण्याआधी खिसा उलटा केला, तर त्यातून सुपारीचं खांड निघालं. त्यांनी ते नाकाशी नेऊन पाहिलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि सदरा दगडावर असा आपटला की शेजारी धुणं धुणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. चंद्रभानजींना सुपारीनं ठसका लागायचा. असा माणूस सुपारी घेतो ती फक्त सोयरिकीच्या घरी, कारण तिथे हातावर ठेवलेली सुपारी परत करता येत नाही.

महिन्याभरापासून हेच चाललं होतं. हरभरा सोंगणीला आलेला, आणि हा गृहस्थ पहाटे अंघोळ करून, लग्नकार्याची पांढरी टोपी घालून एस.टी.त बसायचा. कुठे चाललात विचारलं तर म्हणे काम आहे. संध्याकाळी विचारलं तर म्हणे झालं काम. आष्टीच्या बाजारातून येताना निदान केळी तरी आणणारा माणूस रिकाम्या हातानं यायचा.

थोरल्या रुखमेच्या वेळी अगदी असंच झालं होतं. पोर नववीत होती. बाप अशीच टोपी घालून खेडोपाडी हिंडला, आणि एक दिवस ओसरीवर पाहुणे येऊन बसले. त्या भागात रीतच तशी. मुलगी द्यायची तर आधी बापानं एकट्यानं गुपचूप जाऊन यायचं, तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन पाहायचं, पानठेल्यावर बसून माणसं कशी आहेत ते काढून घ्यायचं, आणि सगळं जमेपर्यंत घरी चकार शब्द काढायचा नाही. मध्येच बोललं तर मोडता घालणारे शंभर निघतात. रुखमा आता दोन लेकरांची आई होती आणि सासरचे लोक घरचा हिशेब तिच्याकडून करून घ्यायचे, एवढंच तिच्या शिक्षणाचं चीज झालं होतं.

आता दहावीत होती ती धाकटी जयवंता. शाळेचे वासुदेवराव मास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते, “पोरीचं गणित चांगलं हाय. इथली शाळा दहावीवर संपते. तिले वर्धेले कॉलेजात टाका, सायन्सले.” चंद्रभानजी म्हणाले होते, “पाहू.” या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही, हे अनुसयाबाईंना संसाराच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. तो भाकरीचा तुकडा नुसता फिरवत होता.

“जयवंता सकाळी आपली आपण उठते का?”

“उठते. काऊन?”

“असंच. तिखट चालते तिले?”

“सारं चालते. कोणाले पाह्यजे हे सारं?”

“कोणाले नाई,” म्हणून त्यांनी पाण्याचा गडू तोंडाला लावला.

उठते का, तिखट चालतं का! नवऱ्या मुलाकडचे याहून वेगळं काय विचारतात? दोनच दिवसांनी अनुसयाबाई गोठ्यात शेण काढत होत्या, तेव्हा पलीकडे नवरा शेजारच्या महादेवरावांशी हळू आवाजात बोलताना ऐकू आला.

“पाणी जरासं मचूळ हाय. पण शिस्त हाय, दिवे लागाच्या आत फाटक लागते. बाई मोठी कडक हाय. माहेर तिचं आष्टीचंच.”

कडक सासू, मचूळ पाणी, वर फाटकाच्या आत कोंडलेली पोर! अनुसयाबाईंनी शेणाची पाटी तिथेच ठेवली. नवऱ्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, रुखमेच्या वेळी भांडून पाहिलं होतं. पण एक घालवली तशी दुसरी जाऊ देणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मग त्यांनी जे केलं ते कोणत्याही आईनं करू नये असंच होतं. पिठाच्या चक्कीवर आनंदाबाई भेटल्या. त्यांचे यजमान भैय्याजी पंचक्रोशीत सोयरिकी जुळवत. त्यांना कळलं म्हणजे आष्टीपर्यंत कळलं. अनुसयाबाईंनी डबा खाली ठेवला आणि आवाज लहान केला.

“कोणाले सांगजो नोको, बाई. जयवंताले कधीकधी फिट येते.”

आनंदाबाईंनी हळहळून त्यांचा हात धरला. त्या सहानुभूतीनं अनुसयाबाईंना स्वतःचीच शिसारी आली. पण घरी येताना त्यांचं पाऊल हलकं होतं. बदनामी आज आहे, उद्या विरेल. लग्न काही विरत नाही.

पंधरवड्यानं चंद्रभानजी पुन्हा टोपी घालून गेले आणि तिन्हीसांजेला परतले. पाय न धुताच ते ओसरीवर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आत जयवंता मोठ्यानं भूगोल वाचत होती.

“नाई म्हनते ते,” चंद्रभानजी म्हणाले.

अनुसयाबाईंना हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं. “काऊन?”

“पोरगी आजारी हाय म्हनते. फिट येते तिले. त्या बाईले तिच्या आष्टीच्या भावानं कळवलं. म्यां हात जोडले, शपथ घेतली. ऐकूनच नाई घेतलं. आमी जबाबदारी घेऊ शकत नाई म्हनते.”

“जाऊ द्या,” अनुसयाबाई म्हणाल्या. “एक गेलं तर दहा येतीन.”

“दहा कुठचे येतीन?” चंद्रभानजी एकदम चिडले. “त्या वर्धेच्या कॉलेजाचं पोरीयचं होस्टेल एकच हाय.”

अनुसयाबाईंचा हात खांबावर गेला.

“चार खेपा घातल्या म्यां,” ते बोलत राहिले. “समोरच्या पानठेल्यावर बसलो. ठेलेवाल्यानं बोलावं म्हून सुपारी चघळली. तेथच्या नळाचं पाणी पेलो. पोरी येतात कधी, जेवण कसं देतात, बाई कशी वागवते, सारं पाह्यलं. रुखमेच्या वक्ती घाई केली म्यां. धड काहीच पाह्यलं नाई. म्हटलं, इच्या वक्ती नीट पाहू.” मग आवाज खाली गेला. “कोणत्या तोंडानं कोणी बोललं असन हे?”

कोणाचंही नाव घेता आलं असतं. आनंदाबाईंचं तर सहज घेता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. अनुसयाबाई नवऱ्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहत होत्या. एवढा मोठा माणूस पानठेल्यावर ठसका दाबत बसला असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना रडू कोसळलं.

“म्यांच,” त्या म्हणाल्या. “म्यांच बोलली चक्कीवर, आनंदाबाईले. मले वाटलं, तुमी नवरा पाहून राह्यले.”

चंद्रभानजींनी मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली.

“मले इचारलं काऊन नाई?”

“इचारलं ना. तुमी सांगतलं काऊन नाई?”

तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की आतलं वाचन कधीचंच थांबलं आहे. जयवंता दारात उभी होती. बोट अजून भूगोलाच्या पुस्तकात होतं.

“म्हून पोरी माह्या बाकात कांदा ठेवून राह्यल्या,” ती म्हणाली. “आठवडा झाला. फिट आली तर हुंगवाले, म्हनत. मले वाटलं थट्टा करतात.”

अनुसयाबाई तिला जवळ घ्यायला पुढे झाल्या. पोर मागे सरकली नाही, पण पुढेही आली नाही. तिनं बापाकडे पाहिलं.

“त्यायनं मले पाह्यलं तरी का, बाबा?”

“नाई.”

“पोरगी पाह्यल्याबिगर नाई म्हनते?” जयवंता म्हणाली. “मग सकाळी मले न्या. मायलेबी संगं घ्या. चक्कीवर जे बोलली ते खोटं हाय म्हून तेथं मायच सांगन.”