शेवटचा शब्द वर्गाचा

व्हिएतनाममधल्या शाळेची मुलाखत सुरू व्हायची होती आणि केजमध्ये नेमकी लाईट गेली. वनमालानं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला, खिडकी सताड उघडली आणि उसना हसरा चेहरा करून बसली.

विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. अनुदान आज येतं, उद्या येतं, असं म्हणता म्हणता तिच्या पहिल्या वर्गातल्या पोरींची लग्नं झाली. शेवटी कंटाळून ती परदेशातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळू लागली, तर बहुतेकांत पहिल्याच ओळीत लिहिलेलं, फक्त नेटिव्ह स्पीकर, म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारे हवेत. नवरा सोमेश्वर केज-अंबाजोगाई जीप चालवायचा. तो म्हणायचा, "तू बी नेटिव्हच हाय की, केजची." सुरुवातीला ती हसायची. पुढं पुढं तिला हसायचाही वैताग यायला लागला.

पण ही नोकरी तिला हवी होती ती सासूसाठी. वत्सलाबाई उभा जन्म ऊसतोडीला गेलेल्या. कंबर पार कामातून गेली होती, आणि तरी टोळीचा मुकादम धुळाजी रोज दारात येऊन विचारायचा, औंदा येताव का न्हाई. वनमालानं तो जबाब अडवून धरला होता. "माजं काम झालं की तुमी कोयत्याला हात लावायचा न्हाई, आत्या," असं तिनं सासूला सांगून टाकलं होतं. सासू नुसतं "बघू" म्हणाली होती.

पडद्यावर मुलाखत घेणारे ब्रायन सर भले वाटले. समोर लहान मुलं बसली आहेत असं समजा आणि शिकवा, म्हणाले. वनमालाला त्यात काय अवघड? तिनं डोळ्यांपुढं आपली पाचवी आणली आणि सुरुवात केली, "द काऊ गिव्ह्ज अस..." आणि थांबली.

थांबणारच. आपल्याकडं मास्तर वाक्य अर्धं सोडतो आणि शेवटचा शब्द सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडून पुरा करतो. आपण सगळे असेच शिकलो. वनमाला भुवया उंचावून वर्गाची वाट पाहत राहिली. पलीकडं ब्रायन सरांची चुळबुळ झाली. मग त्यांनी हळूच सुचवलं, "मिल्क?"

"व्हेरी गुड," वनमाला सवयीनं म्हणाली. पुढं सूर्य कुठं उगवतो तेही त्यांनाच सांगावं लागलं.

शेवटी ते मोठ्या मायेनं म्हणाले, तुमचं व्याकरण उत्तम आहे, पण साधे साधे शब्द तुम्हाला ऐनवेळी आठवत नाहीत. जरा सराव करा, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. ते काय बोलले हे तिच्या ध्यानात येईतोवर फोन बंद झाला होता. तिला आधी हसू आलं, मग रडू. राग तर इतका आला की सोमेश्वरला वाढताना भाजीची पळी ताटाबाहेर गेली.

पण रागानं नोकरी मिळत नसते. दुसऱ्या दिवसापासून तिनं वर्गातली वाक्यं स्वतःच पुरी करायला घेतली. पोरं सवयीनं तिच्याबरोबर ओरडायची, तिनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. एका पोराला तर ओरडला म्हणून उभं केलं. आठवडा सरता सरता वर्ग असा चिडीचूप झाला की हेडमास्तर रामकिसन सर दारात थांबून शिस्तीचं कौतुक करून गेले. वनमालाला ते कौतुक गोड लागलं नाही.

दुसऱ्या मुलाखतीत ती कुठंच थांबली नाही. गाय, सूर्य, आठवड्याचे वार, सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली. ब्रायन सरांनी मान डोलावली. आता शब्द छान आठवतात, म्हणाले, पण तुम्ही मुलांना बोलायची संधीच दिली नाहीत.

वनमाला थकून गेली होती. तिनं इंग्रजीतच, एकही शब्द न चुकता सांगितलं, "सर, मागच्या वेळी मुलंच बोलत होती. तुम्हाला ऐकू आली नाहीत."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. नकाराचा मेल आला तोही मोठ्या गोड भाषेत होता.

तिनं सासूला सांगितलं तेव्हा वत्सलाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "जाऊ दी माय," म्हणाल्या. "तू काय कमी केलंस का? धुळाजीला सांग, येती म्हनाव."

टोळीचा ट्रॅक्टर भल्या सकाळी निघाला. वनमालानंच सासूला कमरेला धरून ट्रॉलीत चढवलं. सासू कण्हली आणि आपण कण्हलो हे सुनेला कळू नये म्हणून खोकली. सुनेला कळायचं ते कळलं.

तिथून ती तशीच शाळेत गेली. अंगात त्राण नव्हतं, रजा टाकावी तर धडा राहिलेला. तिनं पुस्तक उघडलं आणि जुन्या सवयीनं म्हणाली, "अ फार्मर वर्क्स इन द..."

वर्ग गप्प. तिनं वाट पाहिली. सगळी पोरं तिच्या तोंडाकडं बघत बसली होती, ओठ घट्ट मिटून. शेवटी पहिल्या बाकावरची राजनंदिनी भीत भीत उभी राहिली.

"मॅडम, आमी म्हनायचं का तुमीच म्हनताल?"

वनमालानं पुस्तक मिटलं. इतके दिवस आपण यांचा आवाज बंद करत होतो, आणि तो कुणासाठी, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुमीच म्हना," ती म्हणाली. "मॅडम आता कुठं जात न्हाईत."

मॅडम कुठं जाणार होत्या हे पोरांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि आधी दोघातिघांनी, मग सगळ्यांनी मिळून तो शब्द म्हटला.