दोन सीटची लाल गाडी

"संध्याकाळ झाली का याच्या गाडीत बसत नको जाऊ, बाई."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शांता आत्यांनी हे माझ्या कानाशी येऊन सांगितलं होतं. शांता आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, राहतात गोंदियाला. मला वाटलं, झालं, आता तिन्हीसांजा, नवी नवरी, मोकळे केस, सगळं एकामागून एक येणार. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याच खाली उभं राहून आत्या असलं सांगून राहिल्या. मी "हव आत्या" म्हणून हसले, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या, संघर्षच्या गाडीत बसून तेलीबांधा तलावावर गेले.

तो फार हळू चालवत होता. मला वाटलं, माझ्यासाठी.

गाडी लाल. दोन दरवाजे, दोनच सीटा, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. मागं एक बॅग मावेल एवढी जागा. संघर्षनं ती माझ्या आधीपासून ठेवलेली. कोणाच्या तरी गोडाउनमधून रंग उडालेली उचलून आणली आणि दोन वर्षांचे रविवार घालून उभी केली. समता कॉलोनीच्या आमच्या गल्लीत ती वळली की लोक अजून बाल्कनीत येतात. मीही येत असे.

मग माया झाली. ती आता चौदा महिन्यांची आहे. दोन सीटच्या गाडीत लेकराची सीट बसत नाही, हे सांगायला इंजिनियर लागत नाही, आणि माझा नवरा इंजिनियर आहे. मी दिवाळीपासून मागं लागले होते, ही देऊन चार दरवाजांची घेऊ. दर वेळी त्याचं नवं कारण. इंजिनचं काम नुकतंच झालं. एक्स्चेंजवाले अशा गाडीला समजतच नाहीत. मायाला थोडं मोठं होऊ दे.

"ती मोठी झाली तर गाडीत तिसरी सीट उगवणार आहे का?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात बघू ना, यार."

तो डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. मला तर तसं वाटलं.

आणि बाबा. माझे सासरे धर्मपाल, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आता अडुसष्ट वर्षांचे. ते रोज पाच वाजता ऑटो करून पंडरीला संघर्षच्या ऑफिसात जायचे आणि त्याच्यासोबत गाडीतून परत यायचे. चौतीस वर्षांच्या माणसाला आणायला बाप काहून जातो? विचारलं तर म्हणायचे, "फिरणं होते माहं." आम्हाला कुठं संध्याकाळी जायचं असलं की मी आणि माया ऑटोत, ते दोघं गाडीत. दुसरी सीट कधी रिकामी म्हणून दिसायची नाही.

खालच्या मजल्यावरच्या भावना दीदींनी एकदा जिन्यात मला थांबवलं. "ससुरजी रोज ड्यूटी पर जाते हैं क्या? बेटे की चौकीदारी कर रहे हैं कि बेटे को छुपा रहे हैं?" त्या हसल्या. मी पण हसले. त्या रात्री खाली जाऊन मी गाडीचे कोपरे हुंगले, सीटखाली हात घातला. बाईचं काहीच सापडलं नाही. डावीकडचा आरसा मात्र नवा होता, आणि डाव्या दरवाजावर तीन लांब ओरखडे, त्यांवर लाल रंग घाईत मारलेला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. आहे. जे दिसत नाही ते वाढू देऊन बघायचं, एवढं मला शिकवलंय. मायाच्या पाळण्याजवळ ठेवायचा जुना फोन मी रेकॉर्डिंगवर टाकला आणि संघर्ष ऑफिसला निघण्याआधी गाडीच्या दरवाजाच्या कप्प्यात पिवळ्या फडक्याखाली ठेवला. रेकॉर्डिंग चारनंतर आपोआप सुरू होईल, अशी वेळ आधीच लावली होती. लाज वाटली. तरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबा भाजीला गेले तेव्हा मायाला खिचडी भरवता भरवता मी रात्री काढून आणलेल्या फोनवर ते ऐकलं.

"लाल."

"लाल."

"हरा. चाल."

"हरा."

"उजवीकून सायकल."

"सायकल."

मला आधी हसू आलं. इंजिनात असंच असतं, एकानं सिग्नल पुकारायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. बाबा घरीही हे करतात. माया पहिल्यांदा स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत चालत आली तेव्हा त्यांनी हात लांब करून "लाइन क्लिअर" दिलं होतं. बापलेक खेळून राहिले, असं मला वाटलं.

मग बाबांचा आवाज उतरला. "अंधार पडला. आता माह्या आवाजावर राय."

"बाबा, डावीकडचं काहीच दिसून नाही राहिलं."

"म्हणून तं मी बसलो हावो. हरा. चाल."

"हरा."

हॉर्न. ब्रेकचा आवाज इतका जवळ की मायानं तोंडातला घास बाहेर टाकला. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अंधरा हस का गा?"

गाडी पुन्हा सुरू झाली. मग बाबा म्हणाले, "मले हरा वाटला."

"जाऊ द्या."

"सांगून टाक ना चेतनाले."

"चार दरवाजांची घेतली की ती रोज म्हणेल, आम्ही पण येतो. या गाडीत त्या दोघींना जागाच नाही. तेच बरं आहे, बाबा."

मी फोन पालथा ठेवला. इतके महिने मी त्या दुसऱ्या सीटवर कोणाकोणाला बसवून पाहिलं होतं. तो मला आणि मायाला तिथून लांब ठेवत होता.

शांता आत्यांना फोन लावला. बाबांबद्दल मला एवढंच माहीत होतं, की कंबरेमुळे त्यांना लाइनवरून उतरवलं आणि शेवटची सहा वर्षं त्यांनी ऑफिसात काढली.

"कंबर?" आत्या म्हणाल्या. "कंबर तं त्याची आजबी माह्याहून चांगली हाय. डोळ्याच्या मेडिकलात काढलं त्याले. आमच्या बापालेबी अंधारात दिसे नाही. विहिरीवर दोर बांधून जाये. मी सांगतलं होतं तुले."

"तुम्ही कारण नाही सांगितलं, आत्या."

"लग्न होऊन गेलतं. कारण सांगून काय करतं? म्हणून निस्ती संध्याकाळ सांगतली."

मी चार वाजता संघर्षला फोन केला. गाडी ऑफिसातच राहू दे, ऑटोनं ये. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

ते दोघं आले. संघर्ष बुटाच्या रॅकला धरून उभा राहिला, आणि मला एकदम दिसलं की तो नेहमीच तिथं धरतो. मी म्हणायची, काय तो भिंतीला हात लावत चालणं, डाग पडतात.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. जास्त, मागच्या पावसापासून."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर सांगेल, चालवू नको. ते मला माहीतच आहे." मग म्हणाला, "बाबांना उतरवलं तेव्हा ते सहा वर्षं रजिस्टर पुढं ओढत बसले, चेतना. रोज डबा तसाच परत यायचा. मी बघितलंय."

"मी होतो ना सोबत," बाबा म्हणाले. "एकाले कमी दिसते, पण दोघं मिळून पुरते."

"बाबा, तुम्हाला लाल हिरवा दिसला."

माया त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. ते तिच्या केसांवर हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात ऑफिसातला एक जण गाडी घरी आणून लावून गेला. संघर्षनं एकच मागितलं. "चालवणार नाही. खाली झाकून ठेवतो. विकू नको फक्त." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. ज्या माणसानं ती नटबोल्टानिशी उभी केली, त्याच्याजवळ ती बंद अवस्थेत तरी राहावी, असं मलाही वाटलं. किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मीटरचा फोटो काढून घेतला. ती माझी सवय आहे.

पाच दिवसांनी गाडीचं कव्हर उलटं चढवलेलं दिसलं. मी मीटर बघितलं. सहा किलोमीटर जास्त. किल्ली तांदळातच होती. संघर्षनं मायाची शपथ घेतली आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्या पाचही संध्याकाळी तो माझ्यासमोर बसलेला होता. दुसरी किल्ली?

"ते तं कवाचीच हरपली," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. वर्तमानपत्र त्यांनी खिडकीपाशी, उजेडाकडे तिरपं धरलं होतं.

त्याच दिवशी ठरलं. गाडी जाणार. भिलाईचा एक माणूस सोमवारी सकाळी न्यायला येतो. चार दरवाजांची मी चालवीन, मी सकाळी शिकायला जाते आहे. संघर्ष दर संध्याकाळी खाली जाऊन तिला पुसतो, हातानं चाचपून. मी वरून बघते. तो वर आला की मी बैठकीचा दिवा घालवते आणि मायाची स्टीलची वाटी जमिनीवर घरंगळत सोडते. काल तिनं लगेच उचलली. परवा उचलली नाही. तिला नको असेल, वाटीच तर आहे.

उद्या, शुक्रवारी, आम्ही तिघं नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघतो, रविवारी रात्री परत. बाबा येत नाहीत. "माहे डोळे रेल्वेनं एकदा पायले. आता कायले?" भावना दीदी माहेरी गेल्यात. म्हणजे तीन संध्याकाळ बाबा घरात एकटे, खाली ती गाडी, आणि सोमवारी ती जाणार हे त्यांना माहीत. आज मी त्यांच्या शर्टांचे खिसे तपासले. किल्ली मिळाली नाही, पण कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांचा ड्यूटीचा निळा शर्ट इस्त्री केलेला होता. इतक्या वर्षांत कोणी तो काढला नव्हता.

तुम्ही समता कॉलोनीकडे राहत असाल तर या तीन दिवसांत साडेपाचच्या आत एकदा आमच्याकडं जाऊन या. दुसरा मजला, दारावर धम्मचक्र आहे. जय भीम म्हणून हाक मारा, चहा मागा, बाबा तो चांगला करतात, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत उठू नका. दार बंद असेल तर आधी खाली बघा, कव्हरखाली गाडी आहे का.