दहा इंच माया

टाकेवाल्या काकूंना आलेलं आमंत्रण आधी त्यांच्या सुनेनं वाचलं, मग नवऱ्यानं वाचलं, मग समोरच्या इस्त्रीवाल्यानं वाचलं आणि त्यानंतर ते काकूंच्या हातात पडलं. तोवर काकू सोडून बाकी सगळ्यांचं ठरून गेलं होतं की काकू जाणार.

गावातल्या पोहण्याच्या तलावाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. जुन्या मंडळींनी रविवारी सकाळी जमावं, त्या काळचे कपडे घालून यावं, आणि ज्यांच्या अंगात दम असेल त्यांनी त्या काळच्याच पोशाखात एक फेरी पोहावी, असं त्यात छापलं होतं. खाली त्या काळी पोहायला शिकवणाऱ्या शिट्टीवाल्या सरांनी थरथरत्या अक्षरात पेनानं लिहिलं होतं, ‘मासोळी, बदक येतेय. तू ये.’

मासोळी म्हणजे काकू. आज यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पायजम्यांत नाड्या घालणं, पँटी आखूड करणं आणि गिऱ्हाइकांना ‘परवा या’ म्हणणं यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. गुडघे कुरकुरत होते आणि कमरेचं माप त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं. पण सतराव्या वर्षी त्या पाण्यात पडल्या की काठावरचे लोक चहा प्यायचे थांबायचे.

“मी काही जात नाही,” काकू म्हणाल्या. “या वयात लोकांना हसायला निमित्त कशाला?”

“आई, तुम्हीच तर गिऱ्हाइकांना सांगता,” सून म्हणाली, “कपडा आपल्यासाठी असतो, आपण कपड्यासाठी नसतो.”

“ते गिऱ्हाइकांना सांगायचं असतं!”

लोक काय म्हणतील, हे कारण वरवरचं होतं. खरं कारण माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होतं.

काकूंची आईही शिवणकामच करायची. तिच्या जिभेला जेवढी धार, तेवढीच हाताला सचोटी. गिऱ्हाइकानं दिलेल्या कापडातली चिंधीसुद्धा ती पुडी बांधून परत करायची. आणि तिची ख्याती होती ती मायेबद्दल. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत मुद्दाम सोडलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगात येतो. “माणूस वाढतं, कापड वाढत नाही,” असं म्हणत ती शाळेच्या गणवेशापासून शेजाऱ्याच्या कोटापर्यंत सगळ्यात भरघोस माया सोडायची. जगाच्या कपड्यांना एवढी माया आणि पोटच्या पोरीच्या वाट्याला मात्र ‘कार्टे’ आणि ‘गधडे’. काकूंना हे लहानपणापासून सलत आलं होतं.

मोठ्या शर्यतीच्या आधी आईनं मासोळीसाठी पोहण्याचा पोशाख शिवला. लाल कापड, त्यावर पांढरे टपोरे ठिपके, मानेमागे बांधायचे बंद आणि कमरेला आखूड झालर. मासोळी आरशासमोरून हलेना. “त्या मोठ्या बंगल्याचे पडदे शिवले ना, त्यातलं उरलं. त्यांनी दिलं,” एवढंच आई म्हणाली.

त्या मोठ्या बंगल्यातली मुलगी म्हणजे बदक. पोहण्यात मासोळीला तोडीस तोड. तिनं दुकानातून आणलेला निळा पोशाख घातला होता. मासोळीला बघताच ती अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “अय्या! आमच्या हॉलचे पडदे पोहायला आले!”

तलाव हसला. शिट्टीवाले सरसुद्धा हसले, आणि हसताहसता त्यांनी शिट्टी फुंकली. मासोळीनं रागारागानं उडी मारली. अर्ध्या तलावापर्यंत ती पुढेच होती. मग तो पोशाख पाणी प्यायला लागला. असा प्यायला, असा प्यायला, की भिजलेली गोधडी नेसून पोहावं तसं तिचं झालं. बदक हातभर अंतरानं जिंकली.

घरी येऊन मासोळीनं ओला गोळा आईसमोर फेकला. “हे काय शिवलंस? धोंडा बांधलास माझ्या कमरेला! लोकांच्या उरल्यासुरल्यातलं दिलंस, ते दिलंस, आणि वर असलं! मी पोहते तेच मुळी तुला नकोय.”

आईनं सुईत दोरा ओवला. “नाचता येईना, अंगण वाकडं,” ती म्हणाली.

झालं. त्यानंतर मासोळी पाण्यात उतरली नाही. पुढे आईच्याच मशीनवर बसून ती टाकेवाली झाली, दोघी पंधरा वर्षं शेजारीशेजारी बसून शिवत राहिल्या, पण त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. आई जाऊन आता बारा वर्षं झाली होती. तिच्या पेटीत तो पोशाख धुऊन, घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला, तेव्हा काकूंनी तो उघडलासुद्धा नाही. तशीच पेटी माळ्यावर टाकली. आईला आपण कधी आवडलोच नाही, हे काकूंच्या मनानं पक्कं धरलं होतं आणि त्याचा पुरावा पेटीत होता.

सून मात्र हट्टाला पेटली. तिनं फोनवरून जुन्या धाटणीचा एक नवा पोशाख मागवला. तो आल्याबरोबर काकूंनी तो आधी उलटा केला. कपड्याची सुलट बाजू बघायची त्यांना सवयच नव्हती.

“अगं, पाव इंचसुद्धा माया नाही! हा कपडा आहे की फुग्याचं रबर? आज घातला तर उद्या श्वास घेता यायचा नाही. परत कर.”

“मग तुम्ही शिवा!”

“शिवते,” काकूंच्या तोंडून निघून गेलं. जीभ घसरली ती घसरली. आता मागे फिरायचं म्हणजे सुनेसमोर नाक कापून घेणं आलं.

मापासाठी म्हणून त्यांनी पेटी उतरवली. लाल रंग विटून गाजराच्या सालीसारखा झाला होता, पण टाके शाबूत होते. दार लावून त्यांनी तो चढवून बघितला. मांड्यांपर्यंत आला आणि तिथं रुसून बसला. वर येईना, खाली जाईना. शेवटी सुनेला हाक मारावी लागली. सुनेनं ओढलं, काकूंनी पोट आत घेतलं, आणि त्याच क्षणी नवरोबा दार ढकलून आत आले.

ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. अख्ख्या गावाला त्यांनी तीस वर्षं पाणी पाजलं, पण स्वतः गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरायला घाबरायचे. “कसा दिसतोय?” त्यांनी विचारलं. त्यांनी आपली तरुणपणीची खाली घेरदार असलेली पँट शोधून काढली होती आणि मोठ्या कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट. पँटीचं बटण लागलं होतं, पण त्यामुळे त्यांना बोलताना श्वास पुरत नव्हता. बायकोची अवस्था पाहून ते म्हणाले, “अगं, तुझं तर माझ्याहून कठीण दिसतंय.”

“अहो, बाहेर व्हा!”

पोशाख कसाबसा उतरला. काकू मशीनपाशी बसल्या. जुन्याचे भाग सुटे करायचे आणि त्यावरून वाढीव मापाचा नवा कापायचा, असा त्यांचा बेत होता. उसवायच्या सुरीनं त्यांनी कुशीतला, म्हणजे बगलेखालच्या शिवणीचा, पहिला टाका तोडला, दुसरा तोडला, आणि बोटाला काहीतरी जाड लागलं.

त्यांनी शिवण आणखी उघडली. आतून कापड निघायला लागलं. एक इंच. दोन इंच. अडीच इंच. तीनदा दुमडून, बारीक टाक्यांनी आत दडवलेलं. पुढच्या भागाला अडीच, मागच्या भागाला अडीच. दुसऱ्या कुशीला तेवढंच. काकूंनी गळ्यातला टेप काढून मोजलं, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. दोन्ही कुशी मिळून दहा इंच माया.

पोहण्याच्या पोशाखात कुणी माया सोडत नाही. शिकाऊ शिंप्यालाही हे कळतं. तो अंगालगत हवा, आत जास्तीचं कापड राहिलं तर ते पाणी पितं आणि जड होतं. पण आईनं जन्मात असला पोशाख शिवला नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की माणूस वाढतं, कापड वाढत नाही.

म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं! आणि वाकडं करणारी आईच होती.

काकूंना आधी हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग नाकातून. सतरा वर्षांच्या, काडीसारख्या पोरीच्या पोशाखात दहा इंच! पोरगी वाढणार, लग्न होणार, पोरं होणार, सुटणार, आणि तरीही पोहत राहणार, असं त्या बाईनं गृहीत धरलं होतं. आणि पोरीनं दुसऱ्याच दिवशी पोहणं सोडलं.

नवा पोशाख शिवायचा बेत काकूंनी तिथंच रद्द केला. सगळी माया बाहेर काढली, नवं इलॅस्टिक ओवलं, आणि घालून बघितला. बेताबेतानं, पण आला. आत दडलेल्या कापडाला हवा लागली नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंना काखेपासून मांडीपर्यंत गडद लालभडक रुंद पट्टे उमटले होते. “आई, काय डिझाइन आहे!” सून म्हणाली. काकू आरशासमोरून हलेनात.

रविवारी तलावावर जुन्या काळाची जत्राच लोटली होती. उंच टाचा, गोल काळे चष्मे, केसांचे डोंगर, आणि मोठ्या कॉलरच्या शर्टांतून डोकावणारी पोटं. कुणालाच काही नीट बसत नव्हतं आणि कुणालाच त्याची पर्वा नव्हती. काकू मात्र कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या त्या मोठा टॉवेल हनुवटीपर्यंत घट्ट धरून. घरचा आरसा वेगळा आणि दीडशे डोळे वेगळे.

समोरून बदक आली. आता ती निवृत्त मुख्याध्यापिका होती, चालही नावाला शोभेशी झाली होती. निळाच पोशाख, डोक्यावर रबरी फुलांची टोपी.

“मासोळी! टॉवेल काढ बघू. काय घातलंयस?”

काकूंनी डोळे मिटले, आईला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि टॉवेल नवऱ्याच्या अंगावर फेकला.

बदक बघतच राहिली. “अगं बाई! पडदे!”

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्या शब्दानं मासोळी मेली होती तोच हा शब्द. पण या वेळी काकूंनी कमरेवर हात ठेवले. “हो, पडदे. तुमच्याकडचं उरलेलं कापड. मी तेव्हाही तेच घातलं होतं आणि आजही तेच घातलंय.”

“उरलेलं?” बदक जवळ आली, चष्मा डोळ्यांवर चढवून तिनं ते गडद पट्टे निरखले, झालर चिमटीत धरून बघितली. एवढं कापड बघून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “उरेल कसं? वडिलांनी मोजून आणलं होतं, आठ पडद्यांपुरतं. आणि आठही पडदे वीतभर आखूड आले! माझी आई विचारायला गेली, तर तुझी आई म्हणाली, फरशी पुसताना ओले होऊ नयेत म्हणून मुद्दाम वर घेतलेत. आईला ते इतकं पटलं, की आमच्या गल्लीत सगळ्यांनीच मग पडदे आखूड करून घेतले.”

“काहीतरीच. माझी आई चिंधीसुद्धा परत करायची.”

“म्हणून तर कुणाला शंका आली नाही! तुझा पोशाख पाहून मी घरी सांगितलंही. आई म्हणाली, ती बाई कशाला घेईल, आपणच दिलं असेल.” बदक थांबली. तिचा चेहरा बदलला. “आठ विती, मासोळी. आठ विती कापड. तुझ्या आईनं आमचे पडदे कापले गं.”

काकूंचा हात झालरीवर गेला. उभ्या जन्मात आईनं दुसऱ्याच्या कापडाला हात लावला नव्हता. एकदाच लावला होता, आणि त्याला उरलंसुरलं म्हणून मुलीनं ते तिच्यासमोर फेकलं होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. काकू धावल्या. खरं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तितपत धावल्या, आणि धपकन पाण्यात पडल्या. निम्मा काठ भिजला, नवरोबांची पँट भिजली आणि अखेर तिचं बटण उडालं.

अर्ध्या तलावावर पोशाखानं पाणी प्यायला सुरुवात केली. कापड तेवढंच होतं, तेव्हाही आणि आताही. तो जड झाला, झालर ओढायला लागली, पण काकूंना या वेळी त्या ओझ्याचा राग आला नाही. त्या ते ओझं घेऊन पोहत राहिल्या. बदक हातभर पुढे होती आणि हातभर पुढेच राहिली.

पायऱ्या चढून काकू वर आल्या, तेव्हा अंगातून बादलीभर पाणी गळत होतं. नवरा एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातानं टॉवेल पुढे करत होता. काकूंनी तो घेतला नाही. अख्ख्या तलावासमोर तशाच उभ्या राहून त्यांनी दोन्ही बाजूंचे लाल पट्टे हातांनी नीट सारखे केले.

“पुन्हा हरलीस,” बदक धापा टाकत म्हणाली. “आता आमचे पडदे तरी परत दे.”

“देणार नाही,” काकू ठणकावून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. “माझ्या आईनं चोरलेत ते माझ्यासाठी.”