थंडीत गाडी पिते

आमच्या घरात ‘पितो’ हा शब्द जपून वापरावा लागायचा. कोण काय पितो, किती पितो, असं काही तोंडातून निघालं की जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास थांबायचे. बरं, ‘पितो’च्या ऐवजी ‘घेतो’ म्हणावं, तर त्याहून पंचाईत. आणि त्या दिवशी आमचे हे पंपावरून आले, बूट काढता काढता म्हणाले, “गाडी फार प्यायला लागलीय.” म्हणाले गाडीबद्दल, पण बघितलं भाऊजींकडे. भाऊजींनी चमचा खाली ठेवला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बरीच वर्षं ते बाटलीत बुडालेले होते. बायको गेली, नोकरी गेली, दात दोन गेले. मग एकदाची सुटली आणि ते आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. कोणी विचारलं, किती महिने झाले हो सोडून, तर म्हणायचे, “मोजत नाही. मोजली की आठवते.” घरातले नळ दुरुस्त करायचे, माझ्याशी पत्ते खेळायचे आणि राजरोस लबाडी करून हरायचे. लबाडी करून हरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मला ते आवडायचे, उगाच कशाला खोटं बोलू?

दोघा भावांत एकच टॅक्सी. सकाळची पाळी भाऊजींची, दुपारपासून ह्यांची. जो गाडी दुसऱ्याच्या हातात देईल त्याने टाकी काठोकाठ भरून द्यायची, असा ह्यांचा नियम. त्यामुळे कोणाच्या पाळीत किती पेट्रोल लागलं ते पंपावरच कळायचं. उन्हाळ्यात दोघांचं अ‍ॅव्हरेज सारखं यायचं. थंडी पडली आणि भाऊजींचं जे घसरलं ते घसरलंच. गाडी तीच, गाव तेच, आणि त्यांच्या पाळीत कमी फिरून पेट्रोल मात्र जास्त.

“दादा, सकाळी इंजिन बर्फासारखं गार असतं,” भाऊजींनी समजावलं. “आतलं ऑइल घट्ट झालेलं असतं, फिरायलाच जोर लागतो. गार इंजिन पेट्रोल जास्त ओढतं. आणि माझी गिऱ्हाइकं कोण? नर्सबाई, शाळेची पोरं, म्हातारी माणसं. इंजिन तापायच्या आत त्यांचं ठिकाण येतं. मग थांबा, पुन्हा गार, पुन्हा चालू. काचेवरचं गोठलेलं दव वितळेपर्यंत तर गाडी जागेवर उभी राहूनच पेट्रोल खाते. थंडीने टायरमधली हवा बसते, ते वेगळंच.”

“आणि माझ्या हातात आली की थंडी पळते, होय?”

“दुपारी मी तुला तापवूनच देतो ना. तू ती घेतोस आणि विमानतळाच्या सरळ रस्त्याला लावतोस.”

अगदी खरं होतं ते. पण गोची अशी की भाऊजींची कारणं नेहमीच इतकी चोख असायची. पिण्याच्या दिवसांत त्यांचं पाकीट चोरीला जायचं, चाक पंक्चर व्हायचं, त्यांचा साहेब वारायचा. एकच साहेब दोनदा वारला तेव्हा आमच्या लक्षात आलं. आता तेच तोंड, तीच जीभ, सांगण्याची तीच गोड पद्धत. खरं सांगितलं काय नि खोटं सांगितलं काय, ऐकणाऱ्याला सारखंच.

“नळी टाकून काढत असणार आणि विकत असणार,” हे मला स्वयंपाकघरात म्हणाले.

“अहो, काहीतरीच काय! माणूस सुधारलाय.”

“दुधाने तोंड पोळलंय माझं.”

“मग ताक फुंका. भावाला कशाला फुंकताय?”

हे चिक्कू नाहीत, एवढं मात्र सांगते. पेट्रोलचं ह्यांना काही नव्हतं. ह्यांना भीती होती त्या पेट्रोलातून येणाऱ्या बाटलीची. भावाला गटाराच्या कडेवरून खांद्यावर टाकून आणलेला माणूस आहे हा. पुन्हा तसं आणायची ताकद आपल्यात नाही, हे ह्यांना माहीत होतं. भाऊजींची सुटलेली सुटलेलीच राहावी, एवढंच ह्यांना हवं होतं. आणि त्यासाठीच ह्यांनी नेमकं ते केलं जे करायला नको होतं.

टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं.

सकाळी मी चहाचा पेला द्यायला दारात गेले तेव्हा भाऊजी त्या कुलपाकडे बघत उभे होते. हातमोज्यातल्या बोटाने त्यांनी ते जरा हलवून बघितलं. “चांगलं बसवलंय,” म्हणाले. मग काच खरवडली, चहा संपवला आणि गेले. मी मेली तिथेच पेला हातात धरून उभी राहिले.

तेव्हापासून दुपारी पंपावर हे स्वतः जायचे, स्वतःच्या किल्लीने झाकण उघडायचे, भाऊजी शेजारी उभे. पेट्रोल पूर्वीइतकंच लागलं. कुलूप जागेवर, किल्ली ह्यांच्या खिशात आणि आकडा तोच. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. आता तरी डोळे उघडतील.

“दुसरी किल्ली करून घेतली असणार,” हे म्हणाले.

“धन्य आहे तुमची! उद्या म्हणाल, फुंकर मारून कुलूप उघडतो.”

“दारुड्याला काय अशक्य?”

संशयाला तळ नसतो हेच खरं. एकदा त्यात पाय घातला की माणूस खालीच जातो. त्यानंतरची गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. भाऊजी गाडी देऊन आत येत होते. समोरच्या खिडकीत शिंपीणबाई मशीन थांबवून बघत होती. ह्यांनी दारातच भावाला अडवलं.

“तोंड उघड.”

भाऊजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि उघडलं तोंड. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्याचे केस पिकलेले, आ करून उभा. ह्यांनी नाक जवळ नेऊन वास घेतला.

“येत नाही,” हे म्हणाले. आवाजात समाधान असायला हवं होतं, होता संशयच. “म्हणजे घेतलेली नाहीस अजून.”

“अजून,” भाऊजी म्हणाले.

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शिंपीणबाईलाही सोडलं नाही. पण भाऊजींनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन पिशवी भरली. बाहेर येऊन गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मी दार अडवून उभी राहिले तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मीच धाकटी असल्यासारखा.

“दादावर चिडू नका वहिनी. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मीच त्याला शिकवलंय, आणि चांगलं वर्षानुवर्षं शिकवलंय. एका थंडीत तो कसा विसरेल?”

टॅक्सी स्टँडमागे ड्रायव्हर लोकांची खोली आहे, तिथे ते राहायला गेले. तिथे काय चालतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. हे माहीत असूनही आम्ही दोघं घरात बसून राहिलो.

आता दोन्ही पाळ्या ह्यांच्यावर आल्या. अंधारातच उठून काच खरवडायची, इंजिन चालू करून थरथरत बसायचं, नर्सबाईंना सोडायचं, पोरांना सोडायचं. पहिल्याच दुपारी टाकी भरून हे घरी आले आणि जेवण ढकलून बसले. आकडा तोच होता. दुसऱ्या दिवशी पंपवाला चोर आहे म्हणाले, पंप बदलला. तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाली बाई फटकळ. तिने बॉनेट उघडून बघितलं आणि आपटून बंद केलं.

“दर थंडीत लोक हेच तोंड घेऊन येतात. गाडीत काहीही बिघडलेलं नाही. काय दुरुस्त करू, हवामान?”

ह्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं. मी म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता जा, घेऊन या त्यांना. “जातो,” म्हणाले. गेले नाहीत. उद्या जातो, परवा जातो. कोणत्या तोंडाने जाऊ, काय बोलू? असं करत आठवडा गेला. शेवटी मी भडकले. “माफी मागायला पण तुमचं इंजिन तापावं लागतं का हो?” म्हटलं आणि कोट ह्यांच्या अंगावर फेकला. दोघं निघालो.

भरदुपार होती. खोलीचं दार सताड उघडं, आत लोखंडी खाटांची रांग. भाऊजी शेवटच्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दारातूनच मला वास आला. ह्यांना आला नाही, किंवा आलेला मानायचा नव्हता. हे थेट समोर जाऊन उभे राहिले आणि घोकून ठेवलेलं बोलले. “सकाळची गाडी मी चालवली. मलाही तेवढंच लागलं. थंडीमुळेच होतं सगळं. तू खरं बोलत होतास.”

“हो ना?” भाऊजींचा चेहरा उजळला. लहान मुलाचं गणित बरोबर आल्यावर उजळतो तसा. “सांगत होतो ना मी!”

“माझं चुकलं रे.”

“नाही रे दादा.” त्यांची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी शब्द नीट जुळवले. “तू चुकीचं काहीच बोलला नाहीस. फक्त जरा लवकर बोललास.”

हे खाली फरशीवर बसले आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. भाऊजी ह्यांच्या पाठीवर थोपटत होते. थाप कधी खांद्यावर पडे, कधी मानेवर. घरी चला म्हटलं मी, हात धरून ओढलं, शिव्या घातल्या, पाया पडले. “आता नको वहिनी,” एवढंच म्हणाले. आत्तापर्यंत तीन वेळा आणून झालंय त्यांना. दर वेळी चार दिवस राहतात आणि ताट तसंच झाकून ठेवून जातात.

थंडी गेली. काचेवर दव धरेनासं झालं, गाडीचं अ‍ॅव्हरेज आपोआप जाग्यावर आलं. आता भाऊजी दिवसासुद्धा स्टँडच्या कट्ट्यावर पडलेले असतात, येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना हात करतात. म्हणून हे विमानतळाला जाताना स्टँडचा रस्ता घेत नाहीत. कालव्याकडून वळसा घालून जातात. रोज जाताना एक वळसा, येताना एक. पेट्रोल बरंच जास्त जातं, आणि ते कुठे गेलं हे आमच्या घरात आता कोणी विचारत नाही.