थोरलीची भुवई

काचेवरून ओघळणारी वाफ.

ओठांत सुई धरून हसणारा शिंपी.

पातेल्याच्या तळाशी बसलेलं तपकिरी ऊन.

एक काडी, दातांनी मोडलेली.

वर गेलेली डावी भुवई.

भुवई थोरलीची. औषधांच्या त्या दुकानात काढा उकळायचा तो धाकट्या जावेनं आणि सासूबाईंनंतर चव घ्यायची ती थोरलीनं, हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं. रानातून काडेचिराइताची जुडी आली की थोरली त्यातली एक काडी चावायची. कडूजहर असली की तिची डावी भुवई टुणकन वर जायची आणि जुडी पातेल्यात पडायची. भुवई जागची हलली नाही, तर जुडी परत. तापावर, मंदावलेल्या भुकेवर, अंगावर उठलेल्या खाजेवर लोक जो काढा न्यायचे, त्याला तेवढ्या एका भुवईचा आधार होता. तोंडानं ती काही बोलायची नाही. कुणी विचारायचंही नाही.

काडीनंतर ती पेलाभर पाणी प्यायची. चिराइतामागून पाणी गोड लागायचं. तेवढी माझी चैन, म्हणायची.

मग ती एका तापातून उठली आणि पाणी नुसतं पाणी झालं. काडी चावावी तर दाताखाली केरसुणी आल्यासारखं. कडू निघून गेलं होतं. भांडून नाही, दार आपटून नाही. ती झोपेत असताना पाय न वाजवता उठून गेलं असावं. थोरलीला भर दिवसाही वाटत राहायचं, ते इथंच आहे, पडद्याच्या घडीत, जिन्याच्या वळणावर, आपण बघितलं की मागे सरकतं. तिनं आरशात जीभ काढून बघितली. जीभ जागेवर होती.

सांगायचं कुठल्या तोंडानं? चव गेली म्हटल्यावर या दुकानात आपण कोण?

भुवई ती आपल्या हातानं, म्हणजे मनानं, उचलू लागली. रंग बघायचा, वास घ्यायचा, उचलायची. काही दिवस निभावलं.

"थोरल्या वहिनी, या खेपेचा माल बघा," रानवाला जुडी सोडत म्हणाला. "माझ्या बायकोच्या बोलण्यापेक्षा कडू."

"मग तुम्हाला गोडच लागत असेल," धाकटी चुलीपाशी पुटपुटली.

थोरलीनं काडी चावली. भुवई वर गेली.

दुपारी शिंपी आला. रोज तो काढा एका दमात गिळायचा आणि सगळ्या जगावर रुसायचा. आज घोट घेतला, कपात बघितलं, कप पुन्हा पुढे केला.

"धाकट्या वहिनी, अजून आहे?"

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"नाही, छान झालाय. सोबत बिस्किट असतं तर..."

धाकटीनं पातेल्यातला घोट घेतला. वाफेतून थोरलीकडे वळली. "जाऊबाई, काडी चावली होतीत ना?"

"चावली होती."

"आणि भुवई?"

"ती मीच उचलली."

शिंप्यानं कप हळूच ठेवला आणि काढता पाय घेतला.

"कधीपासून?"

"तापातून उठले तेव्हापासून."

"रानवाल्यानं भलतंच झुडूप आणलं, ती त्याची चूक. पण तुम्ही? अहो, नळापलीकडचे आजोबा या काढ्यावर आहेत! ताप उतरत नाहीये त्यांचा."

"म्हणून तर आता खोटं बोलवेना."

धाकटीनं अख्खं पातेलं मोरीत उपडं केलं. थोरलीनं फळीवरून आधीच्या खेपेची जुडी काढली, एक काडी पुढे धरली.

"चाव."

"मी? मी गोळीसुद्धा नाक दाबून घेते!"

"म्हणूनच."

धाकटीनं चावली. तिचं नाक, ओठ, हनुवटी एकमेकांवर चढले, डोळे भरून आले. "आई गं! मेले!" थोरली टक लावून बघत राहिली. वाफेमागे तो चेहरा पाण्यातल्यासारखा हलत होता, आणि जिभेच्या मुळाशी, खूप आत, कुणीतरी दार किंचित लोटल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटलं. ते कडूच होतं का, हे तिला सांगता आलं नसतं.

पण चेहरा खरा होता.

काढा नव्यानं उकळला. किटली घेऊन थोरली स्वतः निघाली. रस्ता झोपेतल्यासारखा पायांखालून सरकत होता, नळाचं पाणी आवाज न करता पडत होतं. आजोबांनी घोट घेतला आणि उरलंसुरलं बळ एकवटून ओरडले, "विष पाजतेस काय गं, भवाने!"

"हो, आजोबा," थोरली म्हणाली. "सगळं प्या."

चव घ्यायचं काम सासूबाईंनी थोरलीवर सोपवलं, तेव्हा त्यांना स्वतःला कडू कळेनासं होऊन बरेच महिने झाले होते.