डावा कान घरासाठी

"आगं, भाकर करपायली! काढ की ते कानातलं!"

मंजुषानं भाकरी उलटली तोवर तिच्यावर रुपयाएवढा काळा डाग पडला होता. सासूला, कस्तुराबाईला, बाहेरच्या खोलीत बसून वास आला होता. तव्यासमोर उभ्या असलेल्या मंजुषाला आला नव्हता. तिच्या उजव्या कानात एक माणूस मेंदूविषयी बोलत होता. डावा कान तिनं घरासाठी मोकळा ठेवलेला असे.

"ऐकायलेय की मी, आत्याबाई."

"कुणाचं?" बाहेरून आलं. "दिसभर तो बाबा तुझ्याशीच बोलायलाय. त्याच्या लेकराशी कवा बोलतो म्हणावं?"

मंजुषानं पुढची भाकर थापायला घेतली. परभणीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या बाईनं कोणाकोणाशी वाद घालायचा? तिची रेवू अडीच वर्षांची झाली होती आणि 'मम' सोडून शब्द उच्चारत नव्हती. हवं त्याकडे बोट दाखवायची, नाही मिळालं तर ओढायची. शेजारची दोन वर्षांची पोरगी बापाला नावानं हाक मारायला लागली. तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, मंजुषानं मेंदू आणि मोबाइल यांच्यावरची दहा पुस्तकं ऐकून संपवली होती, अकरावं चालू होतं. बसून वाचायला वेळ कुठला? भांडी घासता घासता, धुणं वाळत घालता घालता ऐकायची.

आणि प्रत्येक पुस्तकाचा तिला मनापासून राग येत होता.

एकात मेंदू म्हणजे रेल्वेचं जंक्शन, दुसऱ्यात जंगल, तिसऱ्यात बाग, चौथ्यात कॉम्प्युटर. 'एकदा काय ते ठरवा,' असं ॲपवर चौथ्याच्या खाली लिहून तिनं पाचपैकी एक तारा दिला होता. पाचव्यातला वाचणारा तर प्रकरण संपलं की सांगायचा, आता डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. गॅसवर दूध असताना! 'तुमच्या घरी दूध कोण तापवतं?' असं तिनं त्याला विचारलं होतं. त्यालाही एकच तारा. या पुस्तकांतल्या आयांना खरकटी भांडी नसत, सासू नसे, नळाला पाणी येण्याची वेळ नसे. बाळाशी संवाद साधा म्हणे. सेलूत संवाद साधणारं माणूस तिनं अजून पाहिलं नव्हतं. इथं माणसं बोलत, नाहीतर भांडत.

सगळ्यात वाईट हे अकरावं. जन्मापासूनचे पहिले हजार दिवस, मग दार बंद, असं तो माणूस लोण्यासारख्या आवाजात सांगत होता. मंजुषानं कॅलेंडर काढून मोजलं होतं. रेवूचे नऊशे बारा झाले होते. अठ्ठ्याऐंशी उरले होते. ती पुस्तकाला शिव्या घालायची आणि पुढचं प्रकरण लावायची.

कस्तुराबाईचा उपाय वेगळा. आधी ती वेखंड उगाळून चाटवायच्या मागे लागली. मंजुषानं ते हाणून पाडलं. मग तिनं नवस बोलला. नात बोलली तर देवापुढं लाख वाती लावीन. मंजुषाचा नवरा महारुद्र कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. तो पिशवीभर कापूस आणून द्यायचा. कस्तुराबाई हातानं सरकी वेगळी काढायची, रुई पिंजायची आणि मांडीवर वाती वळायची. वळता वळता ओठांतल्या ओठांत मोजायची. मोजणी चुकली तर ते शेकडं बाद, असा तिचा कायदा. म्हणून मध्येच कोणाला ओ देत नसे. शेजारी सरकीच्या ढिगात रेवू बसलेली.

परात-तवा आवरून मंजुषा बाहेर आली तेव्हा कानातला माणूस म्हणाला, "बाळाच्या पाठीमागे उभं राहून त्याला नावानं हाक मारा. ते वळलं नाही, तर..."

"रेवू," मंजुषानं हाक मारली.

रेवू सरकी मुठीत घेऊन सोडत होती.

"रेवू! ए रेवू!"

नाही. मंजुषानं टाळी वाजवली. मग स्वयंपाकघरातून ताट आणून फरशीवर आपटलं. तेव्हा कुठं पोरगी दचकली, तीही जरा उशिरानं, आवाजानं नव्हे तर फरशीच्या हादऱ्यानं दचकावी तशी.

"काय झालं गं? माझं शेकडं मोडलं की!" कस्तुराबाई खेकसली.

"मोडू द्या!" मंजुषाचा आवाज फाटला. "हिला ऐकू येईना गेलंय. तुमीच, मी आंघोळीला गेले की मोबाइल दाखवलात हिला. गप बसते म्हणून. भोगा आता!"

"म्या? दोन टायमाला दाखवला आसंल. आन तू? लेकरू पदर वढून वढून थकलं तरी तुला कळतंय का? कानात बुचं घालून हिंडतीस!"

"तिच्यासाठीच ऐकते मी!"

"म्या काय माझ्यासाठी वळायलेय व्हय ह्या वाती?"

दोघींच्या मध्ये बसलेली रेवू एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती.

महारुद्र फोन केल्यावर अंगावरची रुई न झटकताच आला. मोटरसायकलवर पुढं तो, मध्ये रेवूला घेऊन मंजुषा. कस्तुराबाई मागून रिक्षानं. कान-नाक-घशाचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी रेवूच्या कानात बॅटरी मारली, मग दुसऱ्या कानात, आणि चिमटा मागितला. रेवूनं दवाखाना डोक्यावर घेतला. महारुद्रनं तिचं डोकं धरलं. मंजुषानं डोळे मिटले, पुस्तकात सांगतात तसे.

ट्रेमध्ये दोन सरक्या पडल्या. ओल्या, फुगलेल्या, मळानं काळ्या झालेल्या.

"चार-पाच दिवस झाले असतील," डॉक्टर म्हणाले. "आंघोळीचं पाणी जाऊन फुगल्यात. दोन्ही कानांत एकेक, नीट बसवलेली. पोरं नाकात घालतात, एका कानात घालतात. दोन्हीत अशी मापानं घातलेली मी पहिल्यांदा बघायलोय. कोणाचं बघून शिकली?"

डॉक्टरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि मंजुषाकडे बघितलं.

"बाई, तुमच्याही कानातलं काढा. म्हंजे मी काय सांगतो ते ऐकू येईल."

मंजुषाचा हात उजव्या कानाकडे गेला. ते तिथंच होतं. माणूस कधीच बोलायचा थांबला होता. ते काढायचं मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"कान चांगले हायत हिचे. पण अडीच वर्षांत बोलत नाही म्हणता. तपासणी करू, परभणीच्या दवाखान्याला चिठ्ठी देतो. त्याच्या आधी एक सांगा. घरात हिच्याशी बोलतं कोण?"

महारुद्र आईकडे बघू लागला. मंजुषा फरशीकडे. आता सासू बोलणार, सगळं काढणार, हे तिला ठाऊक होतं.

"माय बोलती की तिची," कस्तुराबाई ठणकावून म्हणाली. "दिसभर बोलती. तोंड दुखत न्हाई तिचं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी आल्यावर मंजुषानं फोन उघडला. अकराव्या पुस्तकाखाली लिहिलं : 'वाचणाऱ्याचा आवाज फार चांगला आहे. इतका चांगला की घरातलं दुसरं काही ऐकू येत नाही. एक तारा.' फोन तिनं पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि बाहेर जाऊन कापसाच्या पिशवीपाशी बसली. कस्तुराबाईनं सरकी झाकणाच्या डब्यात भरली होती. वाती वळत होती, पण ओठ हलत नव्हते.

"मोजत न्हाईत?" मंजुषानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. देव काय मुनीम हाय?"

रेवू उठून मंजुषाजवळ आली. काय बोलावं ते मंजुषाला सुचेना. अकरा पुस्तकांतलं एकही वाक्य या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. रेवूनं तिच्या उजव्या कानावरचे केस बाजूला सारले आणि आत डोकावलं. मग डाव्या बाजूला जाऊन तिथंही बघितलं. पुन्हा उजवीकडे आली, खात्री करून घेतल्यासारखी.

मग तिनं तोंड आईच्या कानाला लावलं. शब्द काही नव्हता. नुसता गरम, ओला श्वास.

"हं," मंजुषा म्हणाली. "सांग."

आणि मान न हलवता थांबून राहिली.