काळजातली मेंढी

माझं काळीज वाघाचं आहे, असं मी जन्मभर सांगत आलो. तपासणीत ते मेंढीचं निघालं.

झालं असं. हृदयात एक चिवट प्रथिन साचून ते ताठरलं होतं. असं प्रथिन कुणाचं हाडांच्या मज्जेतून येतं, कुणाचं यकृतातून. मज्जेतलं असेल तर केमो. यकृतातलं असेल तर केमोने नुसता जीव पोळायचा. हृदयाचा बारीक कपचा काढून, रंग लावून काचेवर पाहिला तर मज्जेचं वाटत होतं, म्हणून सोमवारी केमो ठरली. "या वयात झेपेलच असं नाही," हृदयाच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

माझी पुतणी त्याच इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट. तिच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे. मुंगीने सुस्कारा टाकला तर त्याचंही वजन सांगेल असा काटा. तिने माझ्या हृदयाच्या कपच्यातला डाग लेसरने कापला, त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे केले आणि यंत्राकडून तोलून घेतले. यंत्र म्हणालं, यकृताचं. त्याखाली म्हणालं, मेंढी.

डॉक्टर हसले. "ज्याला तुझ्या काकांत मेंढी दिसते, त्याच्या भरवशावर मी केमो थांबवू?"

"मला लग्नापासून संशय होताच," आमची ही म्हणाली.

पुतणी मात्र स्वतःच्या बाहीकडे बघत होती. यंत्राची खोली गारठलेली, म्हणून तिने काकूने विणलेला लोकरी स्वेटर घातला होता.

"सर, मेंढी माझी आहे. लोकरीचा तंतू नमुन्यात पडला. चूक माझीच. उरलेल्या कपच्यावर पुन्हा करते."

"आणि मज्जेचं निघालं तर?"

"तर काकांना केमोला मीच घेऊन येईन."

तिने सगळं पहिल्यापासून केलं, सुती कपड्यांत, कुडकुडत. मेंढी पसार झाली. यकृताचं प्रथिन मात्र जागचं हललं नाही.

डॉक्टरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले. मग केमोवर काट मारली, गोळ्या लिहिल्या आणि पेन तिच्यापुढे धरलं. "निदान तुझं आहे. आधी तुझी सही."

आता तपासणीला गेलो की बाकावर शेजारी बसलेल्याला मी ती सही दाखवतो. नको म्हणाला तरी दाखवतो.